डोक्यावर ठिपके आहेत का?

खिरोदा मागे पडलं की केळीच्या बागा विरळ होत जातात आणि सातपुडा एकदम समोर उभा राहतो. तापीकाठच्या सपाटीत वाढलेल्या माणसाला हा डोंगर दर वेळी थोडा अनपेक्षितच वाटतो. पिशवीत दुर्बीण, कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. जानेवारीतली पहाट, आणि सुकी नदीच्या बाजूने येणारं वारं कानाला झोंबत होतं.

पालला, म्हणजे यावल अभयारण्यात, जाऊन आलो असं सांगितलं की जळगावात पहिला प्रश्न ठरलेला असतो : वाघ दिसला का? हे अभयारण्य १९६९ सालचं, पावणेदोनशे चौरस किलोमीटरचं, मध्य प्रदेशाच्या सीमेला टेकलेलं. अस्वल आहे, बिबट्या आहे, भेकर आहे, पण बहुतेकदा त्यांच्या खुणांवरच समाधान मानावं लागतं. वाघाचा ध्यास असणाऱ्याने मुक्ताईनगरकडे, डोलारखेड्याच्या बाजूला कान लावावेत. तिथेही तो दिसणं नशिबाचा भाग. आम्ही निघालो होतो ते मैनेएवढ्या एका घुबडासाठी. त्याचं नाव रानपिंगळा.

घुबड बघायला सकाळी का जायचं, हे आधी सांगायला हवं. रानपिंगळा दिवसाचा पक्षी आहे. थंडीत कोवळ्या उन्हात, उंच झाडाच्या उघड्या फांदीवर तो अंग शेकत बसतो आणि सकाळीच शिकार करतो : सरडे, सापसुरळ्या, उंदीर. त्यामुळे एका दिवसाच्या फेरीत तो दिसू शकतो. तरीही पक्षीशास्त्राला तो ११३ वर्षं सापडला नव्हता, आणि ही सगळी गोष्ट आपल्या खानदेशाभोवती फिरते.

डिसेंबर १८७२ मध्ये एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात हा पक्षी मिळाला. ए. ओ. ह्यूम यांनी, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या त्याच ह्यूमसाहेबांनी, पुढच्या वर्षी त्याला ब्लेविट यांचं नाव दिलं. नंतर जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, शहादा-तळोद्याच्या बाजूला, आणखी काही पक्षी टिपले. दौऱ्यावर निघालेल्या साहेबाच्या सामानात बंदूक असायचीच. त्यातला शेवटचा नमुना १८८४ चा. जगभरच्या संग्रहालयांत मिळून भुसा भरलेले जेमतेम सात रानपिंगळे उरले, आणि जिवंत पक्षी कुणाला दिसेना. सालिम अली आणि डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनाही नाही.

न दिसण्याचं एक कारण साधं होतं. आपल्या चिंचेवर, पिंपळावर राहणारा नेहमीचा पिंगळा आणि हा रानपिंगळा, दोघांची अंगकाठी सारखी. दुसरं कारण मात्र निव्वळ लबाडीचं. रिचर्ड माइनरट्झहागेन या ब्रिटिश कर्नलच्या संग्रहात एक नमुना होता, त्यावर चिठ्ठी : मांडवी, गुजरात, १९१४. ती खरी धरली गेली आणि शोधाची दिशा भरकटली. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना आतून-बाहेरून तपासला. त्याची शिवण, त्यात भरलेला कापूस, सगळं. तो डेव्हिडसननेच टिपलेला पक्षी निघाला, संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा शिवलेला आणि खोट्या चिठ्ठीसह मिरवलेला. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सगळं छापलं. एका चिठ्ठीने एवढी वर्षं लोकांना हिंडवलं याचं हसू येतं, आणि रागही.

संशयास्पद नोंद बाजूला ठेवून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट जुन्या खऱ्या नोंदींच्या मागे निघाले. पूर्वेकडे हाती काही लागलं नाही. २५ नोव्हेंबर १९९७ ला, सकाळी साडेआठच्या सुमारास, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला किंग यांना निष्पर्ण झाडावर एक पिंगळा दिसला. डोक्यावर ठिपके नाहीत, पोट पांढरं! नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, म्हणजे पक्षी सापडला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. धुळेकरांनी ही गोष्ट जरा जास्त मिरवायला हरकत नाही.

पुढे तोरणमाळ, मेळघाट, आपलं यावल आणि २०१४ मध्ये थेट मुंबईजवळचं तानसा, अशी त्याची ठिकाणं कळत गेली. २०१८ पासून जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ ऐवजी ‘संकटग्रस्त’ गणला जातो. त्याची संख्या वाढली असं यातून समजू नये. तो कुठे कुठे आहे, हे आपल्याला अधिक कळलं, एवढंच.

आमचा पावरा वाटाड्या पुढे, मी मागे. सागाची पानं वाळून खाली आलेली. पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखा आवाज. मी सवयीने झुडपांत बघत होतो.

“भाऊ, खाली नका पाहू. शेंड्याला पाहा,” तो म्हणाला.

मग शेंडेच बघत चाललो. साग, सलई, मोह, मधूनच अंजन. अंजनाच्या जोडपानांवर ऊन पडलं की ती तांब्याच्या पत्र्यासारखी दिसतात. ओढ्याच्या ओल्या काठावर अस्वलाचा पंजा उमटलेला. वाटाड्याने काडीने त्याच्या नखांच्या रेघा दाखवल्या. पलीकडे सलईच्या खोडावर डिंकासाठी घातलेले ताजे घाव होते. त्याबद्दल तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

रानपिंगळ्याला ढोली लागते, आणि ढोली जुन्या झाडालाच असते. जंगल तोडून शेत केलं की ढोलीही जाते. मग नुसती नवी रोपं लावून त्याचं घर भरून निघत नाही. वर वणवे, आणि घुबडाच्या अवयवांवर चालणारी जादूटोण्याची भाबडी, क्रूर समजूत. पण सातपुड्यातल्या अतिक्रमणाचं सगळं खापर आदिवासींवर फोडणारे लेख मला पटत नाहीत. साग रात्री ट्रकमधून खाली उतरतो. तो डोक्यावर वाहून नेणारा आणि विकून बंगला बांधणारा माणूस एक नसतो.

दहाच्या सुमारास सुकलेल्या झाडाच्या उंच फांदीवर एक ठेंगणी आकृती दिसली. छातीत धडधड. दुर्बीण लावली. रानपिंगळा असेल तर कपाळ-डोकं जवळजवळ कोरं हवं, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर ठळक रुंद पट्टे, पाय जाड नि पंजे दणकट. तो शेपटी झटकतो, तेही बघायचं. पक्षी मान वळवून आमच्याकडे पाहू लागला. डोक्यावर बारीक पांढरे ठिपके पसरलेले.

“हा गावातला,” वाटाड्या म्हणाला. त्याने दुर्बीण मागितलीसुद्धा नव्हती.

आम्ही तिथेच दगडावर बसून भाकरी सोडली. ऊन चढत होतं, पण समोरच्या उताराचे शेंडे अजून बघायचे राहिले होते.