आधी पाय, मग पोट!

मागच्या वर्षी अब्बांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, साखर वाढली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज चालायला सांगितलं. अब्बा दोन दिवस मैदानात गेले आणि तिसऱ्या दिवशी खुर्चीतून उठलेच नाहीत. "गोल गोल फिरायला मी काय घाण्याचा बैल आहे?" म्हणाले. घरात रोज त्यावरून कुरबुर. अम्मी रडकुंडीला आल्या, कारण पथ्याचं जेवण त्याच करायच्या आणि बोलणीही त्याच खायच्या.

तोड काढली ती माझ्या लेकाने. "दादा, तुमचं लहानपणीचं भेंडीबाजार मला दाखवा ना. चालत!" अब्बांची पंचवीस वर्षं तिथे गेलेली. नातवाला नाही कसं म्हणणार? त्या शनिवारी सकाळी आम्ही पाचजण मुंब्र्याहून धीम्या लोकलने निघालो आणि मस्जिद स्टेशनला उतरलो.

आमचा तो रस्ता आता ठरूनच गेलाय. वाचक भगिनींनो, तुम्हालाही घरच्यांना घेऊन जाता यावं म्हणून लिहिते आहे. जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटरचं चालणं, पण थांबत, बघत गेलं तर सकाळ सहज जाते.

पहिली गंमत स्टेशनच्या नावाची. हे नाव जवळच्या सॅम्युअल स्ट्रीटवरच्या यहुदी प्रार्थनाघरावरून पडलं असं मानतात. 1796 साली सॅम्युअल दिवेकर यांनी ते बांधलं. ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्याच कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. तिथून मोहम्मद अली रोड ओलांडून शेख मेमन स्ट्रीटवरची जामा मशीद. 1802 साली पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. दगडी कमानी थेट पाण्यातून वर येतात, वजूही त्याच पाण्याने होतो. माझी मुलगी तलावातले मासेच मोजत बसली.

दोन पावलांवर क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई. इमारत 1869 ची. दारावरची कोरीव चित्रं लॉकवुड किपलिंग यांची, 'जंगल बुक' लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचे ते वडील. पहिला थांबा इथे. समोर 1905 पासूनचं बादशाह. मुलांसाठी एकच फालुदा, चमचे चार. अब्बांना मंडईतून घेतलेला पेरू आणि बिनसाखरेचा चहा. तोंड वाकडं केलं त्यांनी, पण पेरू संपवला.

मग मोहम्मद अली रोडने उत्तरेकडे. डोक्यावर जे. जे. उड्डाणपूल असल्याने बरीच सावली मिळते. मिनारा मशिदीपाशी जोहरची नमाज. बायकांसाठी सोय आहे का, हे त्या दिवशी आधीच विचारून घ्यावं. शेजारच्या गल्लीत मातीच्या वाडग्यातली फिरनी, मालपुवा आणि 1936 पासूनचं सुलेमान उस्मान मिठाईवाला. इथे मात्र आम्ही नुसतं बघतो आणि पुढे जातो. रमजानच्या रात्री इथे पाय ठेवायला जागा नसते, म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर तेव्हा जाऊ नका.

भेंडीबाजारात पोचलो आणि अब्बा थबकले. त्यांची चाळच नव्हती. साडेसोळा एकरांवरच्या अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती जाऊन तिथे टॉवर उभे राहताहेत, हे ऐकून माहीत होतं. पण स्वतःचा जिना दिसू नये, हे वेगळं. ते बराच वेळ वर बघत राहिले. मग लेकाचा हात धरून म्हणाले, "नळ इथे होता. सकाळी चारला रांग लागायची." आणि तिथून जे बोलत सुटले, ते चालतच राहिले. रौदत ताहेराचा संगमरवरी घुमट दाखवला, आतल्या भिंतींवर सोन्याच्या अक्षरांत सगळं कुराण कोरलंय हे सांगितलं. त्या दिवशी त्यांना 'चला' म्हणावंच लागलं नाही.

दुसरा थांबा जेवणाचा. 1923 पासूनच्या नूर मोहम्मदीत नल्ली निहारी. निहारी हा शब्द 'नहार'वरून, म्हणजे सकाळ. रात्रभर मंद आचेवर शिजवायची आणि फजरनंतर खायची, अशी ती कष्टकऱ्यांची न्याहारी. आम्ही पाचजणांत दोन प्लेटी घेतल्या. अब्बांना एक रोटी, वर कांदा-लिंबू. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला, एक श्वासाला, ही शिकवण आपल्याकडे आहेच. ताटात टाकून उठायचं नाही, हाही नियम.

जेवल्यावर लगेच टॅक्सी केली नाही. सावकाश डोंगरीच्या इराणी मशिदीपर्यंत गेलो. 1860 ची ही मशीद, निळ्या नक्षीच्या फरशांची, आत हौद आणि झाडं. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं हळू चाललं तर साखर एकदम चढत नाही. पुढे सँडहर्स्ट रोड स्टेशन आणि घर.

काही गोष्टी लक्षात ठेवा. मधुमेहाच्या माणसाच्या खिशात दोन खजूर किंवा साखरेची पुडी असू द्या, कारण गोळी-इन्सुलिनवर चालताना साखर घसरू शकते. बूट नीट मापाचे, मोजे सुती. घरी आल्यावर तळपाय नीट बघा. आणि दोनच थांबे, चार नाहीत.

आता आम्ही महिन्यातून एकदा असे निघतो. अब्बांच्या गोळ्या कमी झालेल्या नाहीत, पण वाढलेल्याही नाहीत. रोज संध्याकाळी असरनंतर ते मैदानात जातात. "शनिवारी दम लागायला नको," म्हणतात. आणि त्या दिवशी अम्मींना चुलीपाशी उभं राहावं लागत नाही. निहारी खाताना त्या म्हणाल्या, "मीठ थोडं कमी आहे." किती वर्षांनी त्यांनी दुसऱ्याच्या हातचं जेवण असं निवांत बसून चाखलं होतं!