सेल मेला, तरी चावी जिवंत!

आखाजीसाठी सुरतेच्या डिंडोलीहून खान्देशात निघायची घाई, गाडीत सामान भरून झालेलं, आणि नेमकी तेव्हाच रिमोटची चावी मुकी होते. बटण कितीही दाबा, दार ढिम्म. घाबरू नका. चावीच्या पोटात काय चालतं ते कळलं, की बिघाड बहुतेक वेळा आपसूक सापडतो.

बटण दाबताच चावीतून रेडिओलहर सुटते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तिची कंपनं सेकंदाला सुमारे 43 कोटी! एवढी ऊर्जा पुरवतो कोण? बिल्ल्याएवढा 3 व्होल्टचा सेल. अनेक चाव्यांत तो ‘सीआर2032’ असतो. आकडे नीट बघा: 20 मिलिमीटर व्यास, 3.2 मिलिमीटर जाडी. म्हणजे मापच त्याच्या अंगावर लिहिलेलं!

पूर्वी गल्लीच्या टोकावरून उघडणारी गाडी आता दाराशी गेल्यावरच उघडते? मग सेल थकलाय. खोबणीत नख घालून चावी उघडा, अधिकची खूण कुठल्या बाजूला आहे ते बघा आणि तसाच नवा सेल बसवा. पत्र्याच्या पट्टीवर गंज असेल तर कोरड्या फडक्याने पुसा.

तरीही दार उघडत नाही? इथे खरी गंमत आहे. चावी रोज एकच संकेत पाठवत असती, तर चोराने तो टिपून गाडी पळवली नसती का? म्हणून 1980च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत ‘कीलॉक’ ही पद्धत जन्मली: बटण दाबाल तेव्हा दर वेळी नवा संकेत, तोही चारशे कोटींहून जास्त शक्यतांमधला. सुरतेच्या आंगडियाकडे नोटेचा नंबर जुळवून रक्कम देतात, आणि पुढच्या व्यवहाराला नोट नवी लागते, तसंच हे.

आता घरात पोराने खेळता खेळता बटण शेकडो वेळा दाबलं तर? बटण किती वेळा दाबलं याची मोजणी चावी आणि गाडी दोघीही ठेवतात; इथे चावीची मोजणी पुढे धावते, गाडीची मागे राहते. कीलॉकच्या मूळ रचनेत गाडी पुढचे 16 संकेत सहज स्वीकारते. अंतर त्याहून वाढलं, तर लागोपाठचे दोन संकेत ऐकून ती स्वतःची मोजणी जुळवून घेते! म्हणून गाडीजवळ उभं राहून बटण दोन-तीनदा दाबून बघा. दुसरी चावीही चालत नसेल, तर दोष बहुधा गाडीकडे आहे. आधी तिची बॅटरी तपासा.

आणि सेल मिळेपर्यंत? चावीतच लपलेलं धातूचं पातं काढून दार उघडा. बटणाने सुरू होणारी गाडी असेल, तर बहुतेक गाड्यांत चावी स्टार्ट बटणाला टेकवली की झालं. तिथली तारेची गुंडाळी चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्यातून चावीतली चिप सेलशिवाय जागी होते आणि आपली ओळख पटवते. गाडी आधी चावीला वीज देते, मग तिलाच विचारते, “तू कोण?”

काही गाड्यांत ही जागा स्टेअरिंगपाशी असते. तुमच्या गाडीत ती कुठे आहे, ते सोबतच्या पुस्तिकेत आजच बघून ठेवा.