डिशवॉशर घेण्याआधी घरची भांडी मोजा

कापड घेताना आपण आधी पन्हा विचारतो, मग भाव. भांडी घासायचे मशीन घेताना मात्र पक्के व्यापारीही सूट किती एवढेच विचारून मोकळे होतात. आम्हीही तेच केले, म्हणून वाचकबंधूंसाठी हे चार शब्द.

पहिला हिशेब पाण्याचा. १२ ते १४ सेटिंगच्या आजच्या बहुतेक मशीनांना इको चक्राच्या एका फेरीत साधारण १० लिटर पाणी लागते. ऐकून पटत नाही. पण मशीन तळाशी घेतलेले थोडेसे पाणी गाळून पंपाने पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारते. आम्ही घरच्या नळाखाली बादली धरून पाहिली, तर मिनिटाला ६ लिटर. दहा मिनिटे नळ चालू राहिला की ६० लिटर गेले. टबात भांडी विसळणाऱ्या घरात एवढा फरक पडणार नाही, हेही खरे. आणि भांडी आधी नळाखाली धुऊन मग मशीनमध्ये लावली तर फायदा संपलाच. खरकटे झटकले की पुरे.

विजेचा मोठा खर्च पाणी तापवण्यात होतो. इको चक्रात पाणी सुमारे ५० अंशांपर्यंतच तापते. वेळ तीन-चार तास लागतो, पण वीज साधारण एक युनिट. वेळ जास्त म्हणजे वीज जास्त, हा आपला समज इथे उलटा पडतो. ७० अंशांचे चक्र फार तेलकट भांड्यांसाठी राखून ठेवावे. युरोपात मार्च २०२१ पासूनच्या नव्या लेबलवर इको चक्राच्या १०० फेऱ्यांची वीज आणि एका फेरीचे पाणी छापतात. आपल्या दुकानदाराकडेही हेच दोन आकडे मागावेत.

आता सेटिंगची गोष्ट. एका माणसाच्या युरोपी जेवणाच्या ताटल्या, कप-बशी, ग्लास आणि काटे-चमचे मिळून एक सेटिंग होते. आपली देगची, कढई, तवा त्यात धरलेले नाहीत. म्हणजे १३ सेटिंगचे मशीन १३ माणसांच्या घराला पुरेल असे समजू नये. आमच्या अनुभवाने, लहान मशीन दोनदा चालवण्यापेक्षा मोठे एकदा गच्च भरून चालवलेले किफायतशीर.

गच्च भरण्यातच आम्ही फसलो. घरात निम्मी भांडी ॲल्युमिनियमची. मशीनची पावडर तेज क्षाराची असते. पहिल्याच दिवशी दोन देगच्या काळ्या पडून निघाल्या. घरातून जे ऐकावे लागले ते छापण्याजोगे नाही. तांबे-पितळ, कलईची आणि लाकडी मुठीची भांडीही यात घालू नयेत. मग मशीन अर्धे रिकामे चालू लागले, पाणी मात्र जवळजवळ तेवढेच. शेवटी स्टीलच्या देगच्या घेतल्या. हा खर्च आधीच मशीनच्या किमतीत धरावा.

जड पाण्याने रंग कसा बिघडतो हे रंगाईवाल्या बांधवांना सांगायला नको. मशीनमध्येही तेच, ग्लासांवर पांढरा थर येतो. त्यासाठी मशीनमध्ये वेगळे जाड मीठ घालतात, स्वयंपाकाचे चालत नाही. पाणी किती जड आहे ते तपासून त्याप्रमाणे खूण लावून घ्यावी. उगाच जास्त लावली तर मीठही जाते, पाणीही.

जागा ठरवताना १६ अँपिअरचा प्लग आणि पाण्याचा दाब पाहावा. काही मशीनांना अर्धा बार दाब लागतो, म्हणजे टाकीतले पाणी मशीनपासून सुमारे ५ मीटर उंच हवे. बैठ्या घराच्या छतावरची टाकी तेवढी उंच नसते. तिथे कमी दाबावर चालणारे मॉडेल मागावे किंवा छोटा पंप बसवावा.