नरनाळा : सरहद्दीच्या दुर्गापासून अभयारण्यापर्यंत

बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव राजा, नांदुरा, मलकापूर हा पूर्णाकाठचा सुपीक मुलूख वऱ्हाडच्या पायनघाटात मोडतो. या मैदानाच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे. तिच्या एका माथ्यावर, अकोट तालुक्यात, सुमारे ९३० मीटर उंचीवर नरनाळा किल्ला उभा आहे. मध्ये नरनाळा, पूर्वेस जाफराबाद व पश्चिमेस तेलियागड असे त्याचे तीन भाग आहेत.

बहामनी सुलतान अहमदशहा याने इ. स. १४२५ च्या सुमारास या गडाची डागडुजी केली. माळव्याच्या बाजूने होणाऱ्या स्वाऱ्यांपासून राज्याची उत्तर सरहद्द राखणे, हे त्याचे पहिले कार्य होते. फतहउल्ला इमाद-उल-मुल्क वऱ्हाडचा सुभेदार असताना, १४८७ मध्ये, येथील महाकाली दरवाजा बांधला गेला. त्यावरील कोरीव कमळे व शिलालेख आजही लक्ष वेधून घेतात. पुढे १४९० मध्ये फतहउल्ला स्वतंत्र झाला आणि सरहद्दीचा हा दुर्ग इमादशाहीचा आधारस्तंभ बनला. मात्र याच गडावर तुफालखानाने बुऱ्हाण इमादशहास कैदेत ठेवले. १५७४ मध्ये मुर्तजा निजामशहाने गड जिंकला व इमादशाही संपली.

१५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना मिळाले. ‘ऐन-ई-अकबरी’त नरनाळा हे सरकारचे ठाणे म्हणून नोंदले असून मलकापूर परगणा त्याच्याकडे मोडत असे. अशा रीतीने लष्करी गडाला महसुली कारभाराचे महत्त्व आले. १८०३ च्या देवगाव तहाने वऱ्हाडचा मोठा भाग भोसल्यांच्या हातून गेला. परंतु नरनाळा व गाविलगड त्यांच्याकडेच राहिले. १८२२ मध्ये ते निजामाकडे गेले, तर १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. रक्षण करावे अशी सरहद्दच उरली नाही, तेव्हा गड ओस पडला.

१९९७ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाशी जोडलेले आहे. किल्ला हे केंद्रीय संरक्षित स्मारक असून, भोवतालचे रान वनखात्याच्या देखरेखीखाली आहे. येथूनच एक नाजूक प्रश्न उद्भवतो. ज्या झाडोऱ्याने वन्य जीवांना आसरा दिला, त्याचीच मुळे तटाच्या सांध्यांत शिरून चिरे उखडतात. सरसकट तोड केल्यास रानाची हानी होते. दुर्लक्ष केल्यास तट ढासळतो. तटालगतची झुडपे वेळीच व निवडून काढणे, तलाव व टाक्यांतील गाळ उपसणे अशी कामे दोन्ही खात्यांनी मिळून केली, तर वास्तू आणि वन दोन्ही टिकतील. जुन्या दुर्गरचनेत तटाइतकेच महत्त्व पाण्याला होते. शिबंदीसाठी साठवलेले ते पाणी आज वन्य जीवांच्या उपयोगी पडू शकते.