आजोळची फळी

यंदाच्या पाडव्याला शिंगणापुरात आजोळी गेले आणि ओट्यावरच थबकले. घराला दार बसलं होतं.

चौकट पहिल्यापासून होती. तिच्यात काही बसवलेलं नसे, एवढंच. आता त्या चौकटीपुढं करड्या रंगाचा पत्र्याचा पल्ला रुळावर सरकत होता. मी काही विचारायच्या आत मामांनी तो सरकवून दाखवला. कडी नाही, कोयंडा नाही, कुलपाला जागा नाही. “कुत्र्यांसाठी केलंय गं,” म्हणाले. मामी चुलीपाशी होती. तिनं मान वर केली नाही.

कुत्र्यांसाठी पूर्वी फळी असायची. बाभळीची, कमरेइतकी उंच. रात्री जेवणं उरकली की आजी ती चौकटीत आडवी टेकवायची आणि पहाटे सडा टाकायच्या आधी उचलून भिंतीला लावायची. ती आतून काढायला जेवढी सोपी, तेवढीच बाहेरून.

बायकांना शनिदेवाच्या चौथऱ्यावर जायची मोकळीक मिळाली, त्यालाही याच पाडव्याला दहा वर्षं झाली. हे दार आणि तो चौथरा यांचा एकमेकांशी संबंध आहे असं मला वाटतं. तो सांगायचा तर आजीपासून सुरुवात करावी लागेल.

पानसनाल्याच्या पुरात शिळा वाहून आली, गुराख्यानं काठी टोचली तसं रक्त आलं, मामा-भाच्याच्या नात्याचे बैल जुंपले तेव्हाच ती हलली, ही कथा सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. साडेपाच फुटांची ती काळी शिळा उघड्यावर उभी आहे, देवाला छप्पर चालत नाही, म्हणून गावालाही दार चालत नाही. कथा मी इथंच सोडते. मला त्या बिनदाराच्या घरांत राहणाऱ्या माणसांबद्दल बोलायचंय.

१९८९ साली वडिलांची बदली लांब झाली आणि मला सहावीला आजोळी ठेवलं. शाळा सोनईला, सायकलनं. पुढं कॉलेजला नगरला गेले तरी दर शनिवारी गावी यायचे. नव्वदीचं सगळं दशक मी त्या बिनदाराच्या घरात काढलं. मुळेच्या उजव्या कालव्याचं पाणी, सोनईचा साखर कारखाना, उसाचे पट्टे, मधे ज्वारी आणि कांदा, आणि त्या सगळ्यात आमचं गाव एखाद्या बेटासारखं. घोडेगावात, सोनईत, राहुरीत लोक रात्री कुलपं लावत. आमच्या शिवेच्या आत आलं की कुलूप हा विषय संपे.

बिनदाराच्या घरात राहणं शिकावं लागतं. शेवगावहून आलेली मामी पहिले कित्येक दिवस झोपली नाही. पहाटे वाऱ्यानं पडदा हलला की उठून बसायची. मग तिला एकेक रीत कळत गेली. दुसऱ्याच्या घराशी जाताना चार पावलं आधी खाकरायचं. हाक मारायची ती ओट्याखालून. पडदा आपण बाजूला करायचा नाही, आतल्यानं करायचा. घरात कुणी नसेल आणि पीठ हवं असेल तर घ्यायचं, पण शेजारच्या ओट्यावरच्या म्हातारीला सांगून घ्यायचं. पत्र्याच्या ट्रंकेला कुलूप नसलं तरी झाकण असतं, आणि झाकण हे झाकण्यासाठीच असतं.

सातवीत असताना माझे चाळीस रुपये गेले. सहलीसाठी जमवलेले, मिसळणाच्या डब्यामागं ठेवलेले. मी रडून गोंधळ घातला. कुणी घेतले असतील त्याचा मला संशय होता आणि मी नाव उच्चारणार, तेवढ्यात आजीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. “नाव घ्यायचं न्हाई. नाव घेतलं की दार लावावं लागतं.” मग तीन दिवस आजी आमच्या आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन बसली. चहा घ्यायची, वाती वळायची, पोरीचे सहलीचे पैसे हरवलेत म्हणायची. हरवलेत, चोरलेत नाही. चौथ्या दिवशी सकाळी तुळशीपाशी दगडाखाली चाळीस रुपये होते. घेणारा कोण हे आजीला कळलं असणार. मला तिनं मरेपर्यंत सांगितलं नाही.

या गावात चोरी होत नाही, केली तर देव शिक्षा करतो, असं गेली तीसेक वर्षं छापून येतंय. छापणाऱ्यांना माझ्या आजीचे ते तीन दिवस कधी दिसले नाहीत, याचा मला आजही राग येतो. देवाचं भय होतं, खरंच होतं, मलाही होतं. पण भयाला दिवसभर ओट्यावर बसून राहता येत नाही. बसायच्या त्या बायका. निवडणं, टिपणं, रुईच्या पानांच्या माळा ओवणं, सगळी कामं त्या ओट्यावर आणायच्या. आळीत नवा माणूस शिरला की पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत त्याची विचारपूस व्हायची. दार नसणं हे रोज करायचं काम होतं आणि ते बायका करत होत्या.

त्याच बायकांनी देवाला लांबून हात जोडायचे. पुरुष विहिरीवर अंघोळ करून, भगवे पंचे नेसून, ओलेत्यानं चौथऱ्यावर जाऊन तेल घालायचे. माझ्याहून लहान मामेभाऊ जायचा. मी खाली त्याचा सदरा धरून उभी राहायचे. आजीला मी कारण विचारलं नाही, कारण ते विचारायचं असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दशकाच्या उत्तरार्धात ‘सूर्यपुत्र शनिदेव’ ही गुलशन कुमारांची चित्रफीत आली आणि दोन-तीन वर्षांत गाव ओळखू येईना. आधी शनिवारी गर्दी असायची, शनिअमावास्येला जत्रा. आता रोजच गाड्या. शिर्डीला आलेला माणूस शिंगणापूर केल्याशिवाय परतेना. राहुरीकडून येणाऱ्या रस्त्यावर बैलाच्या लाकडी चरकाच्या रसवंत्या ओळीनं उभ्या राहिल्या. त्या मला आवडायच्या, अजून आवडतात. तेलाची, काळ्या बाहुल्यांची, घोड्याच्या नालांची दुकानं लागली आणि गावाच्या हातात पहिल्यांदाच उसाच्या बिलाखेरीज पैसा आला. तो यायलाच हवा होता. बहात्तरचा दुष्काळ काढलेल्या माणसांना कुणी गरिबीतली शोभा शिकवू नये.

पण ओटे रिकामे झाले. बायका दुकानावर, पोरं पार्किंगवर. आणि रिकाम्या आळीत परके शिरू लागले, कारण बिनदाराची घरं पाहणं हा आता दर्शनाचाच भाग होता. माणसं जेवायला बसलेली असत आणि चौकटीत पाच-सहा डोकी दिसत. खाकरणं नाही, हाक नाही. एकदा चित्रीकरणाला आलेल्यांपैकी एकानं आजीला ट्रंक उघडी ठेवून दागिने वर मांडायला सांगितलं. आजीनं ट्रंकेवर घोंगडी टाकली आणि तिच्यावर बसून राहिली. ते निघून जाईपर्यंत उठली नाही.

२००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं चौथऱ्याचा प्रश्न उचलला. डॉ. श्रीराम लागूंसारखी माणसं त्यांच्याबरोबर होती. गाव संतापलं. मी बावीस वर्षांची होते, मला त्यांचं म्हणणं पटत होतं आणि मी घरात एक शब्द बोलले नाही. ते मला आजही लागतं. त्याच हिवाळ्यात आजी गेली. चौथऱ्यावर ती कधीच चढली नाही.

पुढच्या पंधरा वर्षांबद्दल माझ्याकडे फार काही नाही. रस्ते रुंद झाले, भक्तनिवास झाले. २०११ च्या जानेवारीत युको बँकेची बिनकुलपाची शाखा निघाली, तिची बातमी परदेशापर्यंत गेली. तिला काचेचं दार होतं. त्याच सुमारास भाविकांच्या चोरीच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. २०१५ साली पोलीस ठाणं आलं.

२०१५ च्या नोव्हेंबरात एक तरुणी चौथऱ्यावर चढली. त्यावर शिळेला दुधाचा अभिषेक घालून शुद्धी झाली, देवस्थाननं सुरक्षारक्षकांना निलंबित केलं. मी टीव्हीपुढं बसून रडले. शुद्धी कशापासून? माझ्या आजीच्या जातीच्या, म्हणजे बाईच्या जातीच्या स्पर्शापासून. पुढच्या २६ जानेवारीला चौथऱ्याकडं निघालेल्या तृप्ती देसाई आणि त्यांच्या सहकारी बायकांना वाटेत सुप्यातच अडवलं. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याचा आधार घेऊन केलेल्या याचिकेवर उच्च न्यायालयानं एप्रिलच्या सुरुवातीला बायकांचा हक्क मान्य केला. देवस्थाननं त्यावर पुरुषांनाही वर जाणं बंद केलं. ८ एप्रिल २०१६, पाडवा. गोदावरीच्या पाण्यानं देवाला स्नान घालायची रीत मोडायची नाही म्हणून गावचे पुरुष बंदी झुगारून चौथऱ्यावर चढले आणि मग देवस्थाननं सगळ्यांनाच मोकळीक दिली. दाभोलकर तो दिवस बघायला नव्हते.

मामीशी माझं त्या वर्षी कडाक्याचं भांडण झालं. ती विरोधात होती, गावातल्या पुष्कळ बायका होत्या. दिवाळीत मी चढले. तेल घातलं, आजीचं नाव घेतलं. मामी खाली माझी पिशवी छातीशी धरून उभी होती. शिंगणापुरात पिशवी धरून कुणी उभं राहत नसे, खाली ठेवली तरी चाले. परतताना ते माझ्या लक्षात आलं.

आता गावाची बातमी येते ती देवस्थानच्या नावानं काढलेल्या बनावट अ‍ॅपची. २०२५ साली विधानसभेत त्यावर चर्चा झाली. रस्त्यात गाडीला लटकून भाविकांना ठरावीक दुकानात नेणाऱ्या पोरांना लोक ‘लटकू’ म्हणतात, त्यांच्या बातम्या तर नेहमीच्याच. त्याच वर्षीच्या जूनमध्ये देवस्थाननं १६७ कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं, त्यांतले ११४ मुसलमान. कारण दिलं अनियमिततेचं आणि बेशिस्तीचं. आधी महिनाभर मुसलमान कामगारांचा चौथऱ्याला हात लागल्यावरून आरडाओरड चालू होती, त्यामुळं ते कारण मला पटत नाही. नाव घ्यायचं नाही म्हणणाऱ्या आजीच्या गावात माणसांची नावं वाचून यादी झाली, असंच मला वाटतं. माझ्या घराला बसलेल्या दाराचं दुःख त्यापुढं लहान आहे, हे मला कळतं. तरी ते आहे.

रात्री मामांनी दार ओढून घेतलं. रुळाचा आवाज आळीभर गेला असेल. अंधारात मला झोप येईना, वाराच येत नव्हता. मामीही जागीच होती.

“मामी, फळी कुठंय गं?”

ती बराच वेळ गप्प राहिली.

“गोठ्यात. कांद्याच्या गोण्यांखाली. ओल लागू नये म्हणून घातलीय.”