चौकोनाखालची सहा अक्षरं

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात छापलेल्या काळ्या-पांढऱ्या क्यूआर कोडमध्ये व्हिडिओच भरून ठेवलाय, असं पुष्कळ पालकांना वाटतं. खरं तर त्यात असतो फक्त पत्ता. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकटींवरून कॅमेऱ्याला दिशा कळते, म्हणून पुस्तक उलटं धरलं तरी बिघडत नाही. ठिपक्यांत मजकुराच्या जोडीला थोडी जादा माहिती असते, त्यामुळे बारीकसा शाईचा डागही खपून जातो. तो पत्ता आपल्याला 'दीक्षा' या सरकारी मंचावर नेतो. हा मंच २०१७ साली सुरू झाला. त्याआधीच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे कोड जोडले होते. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा त्यांची ही खटपट सगळ्यांना ठाऊक झाली.

पत्ताच छापलेला असल्यामुळे व्हिडिओ बदलला तरी पुस्तक नव्याने छापावं लागत नाही. पण अडचणही तिथेच आहे. संगमनेरच्या पठार भागातली एखादी वाडी घ्या. रेंज गेली की कोड मुका. म्हणून धडा आदल्या दिवशी, रेंज असेल तिथे ॲपमध्ये उतरवून ठेवायचा. मग वर्गात इंटरनेट लागत नाही. कॅमेरा रुसला तर चौकोनाखालची सहा अक्षरं-आकडे टाइप करायचे. हे दोन्ही उपाय ॲपमध्येच आहेत, पण शिक्षकाला ते बहुधा दुसऱ्या शिक्षकाकडूनच कळतात.

ही देवाणघेवाण होते ती केंद्राच्या शिक्षण परिषदेत. आसपासच्या शाळांचे गुरुजी आणि बाई एकत्र बसतात, कुणी नमुना पाठ घेतो. अशा बैठकीत नव्या ॲपांची यादी वाचून दाखवणं मला वेळेचा अपव्यय वाटतो. यादी मोबाइलवर पाठवता येते. व्हिडिओ कुठे थांबवला, हे मात्र समोरासमोर बसूनच नीट कळतं.

समजा, अपूर्णांकांचा पाठ आहे. पडद्यावर भाकरीचे चार भाग झाले, की तिथेच थांबवायचं. तीन भाग खाल्ले तर उरलं किती, ते मुलांनी पाटीवर लिहायचं. कुणी 'एक' लिहील, कुणी 'एक चतुर्थांश'. 'एक' लिहिणाऱ्याला विचारायचं, एक काय? अख्खी भाकरी? त्यावरचं बोलणं झाल्यावर पुढचं चित्र दाखवायचं. सलग लावलेला व्हिडिओ मुलं आनंदाने बघतात, पण कोण कुठे अडलं याचा पत्ता शिक्षकाला लागत नाही.

द्विशिक्षकी शाळेत मात्र सलग व्हिडिओलाही मी नावं ठेवणार नाही. एका खोलीत दोन इयत्ता असतात. तिसरीची मुलं गोष्ट ऐकत बसली, तर चौथीचा भागाकार फळ्यावर निवांत घेता येतो. तेवढं एकच बघायचं, की टीव्हीचं तोंड चौथीकडे नको आणि आवाज बेताचा हवा.