लॉटीची रोजनिशी

व्याख्यानात जिचा ओझरता उल्लेख केला, त्या जॅकलिन विल्सन यांच्या 'द लॉटी प्रोजेक्ट' (१९९७) या कादंबरीविषयी येथे थोडे अधिक. इंग्लंडमधील चार्लीला शाळेसाठी व्हिक्टोरिया राणीच्या काळावर प्रकल्प करायचा असतो. माहिती उतरवून काढण्याऐवजी ती लॉटी या, आपल्याच वयाच्या, मुले सांभाळणाऱ्या मोलकरणीची रोजनिशी रचू लागते. इकडे आईची नोकरी जाते. तिला साफसफाईची कामे धरावी लागतात. १८९३ पूर्वी इंग्लंडमध्ये शाळेची सरसकट सक्ती दहाव्या वर्षापर्यंतच होती. तेव्हा अकराव्या वर्षी चाकरीला लागलेली लॉटी ही अतिशयोक्ती नव्हे. एरवी अशा कथांत जादूचे दार लागते. येथे शाळेची वही पुरते, आणि मला तेच अधिक भावते: लॉटीचे कष्ट चार्लीला पुस्तकांपेक्षा आईकडे पाहूनच अधिक उमगतात.